टाका आणि टीप

हाताने घातला जातो तो टाका आणि शिवणयंत्रावर मारली जाते ती टीप, असा भेद मराठीच्या रोजच्या बोलण्यात सहज पाळला जातो, आणि गोधडीविषयी गेली काही दशके जो वाद चालतो तो बहुतेक याच दोन शब्दांभोवती फिरतो. हाताची गोधडी खरी आणि मशीनची नावापुरती, असे एका बाजूने म्हटले जाते. मशीनची टीप पक्की आणि एकसारखी असताना हाताचा हट्ट कशासाठी, असा व्यवहारी प्रश्न दुसऱ्या बाजूने विचारला जातो. दोन्ही बाजूंचे लक्ष शिवणीकडे असते, आणि शिवण ज्यातून जाते त्या कापडाकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. वस्तुतः गोधडीचा इतिहास टाक्याचा आहे त्याहून अधिक जुनेराचा आहे. जुनेर म्हणजे अंगावर वापरून, धुऊन, वाळवून विरत आलेले लुगडे किंवा धोतर, जे नेसण्याच्या कामाचे उरलेले नाही पण ज्याचा मऊपणा कोणत्याही नव्या कापडाला नाही.

गोधडी, वाकळ, दुपटे, रजई, दुलई, लेप ही नावे शहरी बोलण्यात एकमेकांच्या जागी वापरली जात असली, तरी त्यांच्या रचनेत मूलभूत फरक आहे. रजई आणि दुलई या भरलेल्या वस्तू होत, म्हणजे वरचे कापड आणि खालचे अस्तर यांच्यामध्ये पिंजलेला कापूस पसरलेला असतो आणि तो एका कोपऱ्यात गोळा होऊ नये एवढ्यासाठी त्यावरून दोरा भरलेला असतो. हा कापूस पिंजण्याचे काम पिंजारी करीत, आणि त्यांच्या हातातील धनुष्यासारख्या पिंजणाची ताणलेली तात कापसात थरथरू लागली की कचरा झडून तंतू मोकळे होत. गोधडीत असे वेगळे भरण नसतेच. तिच्यात कापडावर कापड अंथरलेले असते, चार थर, सहा थर, कधी त्याहूनही अधिक. जे वर दिसते तेच जरा बऱ्या स्थितीत आत असते किंवा जरा वाईट स्थितीत. पश्चिम महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात तिलाच वाकळ म्हणतात, आणि तान्ह्या मुलासाठी शिवलेली तिची लहान, हलकी आवृत्ती म्हणजे बाळंतविड्यातले दुपटे. घोंगडी ही या कुळातली नव्हे, ती लोकरीची आणि मागावर विणलेली. पासोडी हा शब्दही आता बोलण्यातून गेला आहे. जाड सुती पांघरुणाचे हे नाव आज टिकून आहे ते मुख्यत्वे अंबाजोगाईला जपलेल्या दासोपंतांच्या पासोडीमुळे, जिच्या सुमारे ४० फूट लांब कापडावर त्या संतकवीने तत्त्वज्ञान लिहून काढले.

जुन्या कापडांचे थर धावदोऱ्याने एकत्र बांधण्याची ही पद्धत केवळ मराठी मुलखाची नाही. उत्तर कर्नाटकात तिला कौदी म्हणतात, बंगालात कांथा, बिहारात सुजनी, सिंध-कच्छकडे रल्ली; आणि संस्कृतातील कंथा या शब्दाचा अर्थच मुळी ठिगळे जोडून केलेले, जोगी-संन्यासी पांघरतात ते वस्त्र असा आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यातील यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या परिसरात राहणाऱ्या सिद्दी समाजाच्या स्त्रिया जी कवंदी शिवतात तिचा संबंध गोव्याशीही पोचतो, कारण पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गोव्यात आणलेल्या आणि तेथून निसटून सह्याद्रीच्या जंगलात गेलेल्या लोकांचे ते वंशज मानले जातात व त्यांच्यापैकी अनेकांची बोली आजही कोकणीच आहे. कवंदीच्या चारही कोपऱ्यांना कापडाच्या चौकोनी घड्या एकावर एक बसवून केलेले 'फुला' लावल्याशिवाय ती पुरी झाली असे मानीत नाहीत, फुलांवाचूनची कवंदी उघडीनागडी समजली जाते. महाराष्ट्रातल्या गोधड्यांकडे मात्र कलावस्तू म्हणून पाहण्याची नजर फार उशिरा आली. गीता खंडेलवाल यांच्या 'गोधरीज ऑफ महाराष्ट्र' या पुस्तकाने ग्रामीण घरांतल्या या पांघरुणांची नीट नोंद केली, तोवर त्यांच्याकडे पाहण्यासारखे काही आहे असे खुद्द ती पांघरणाऱ्यांनाही वाटत नव्हते.

गोधडी शिवण्याची रीत वरकरणी अगदी सोपी आहे. सारवलेल्या किंवा फरशीच्या मोकळ्या जागेत सर्वांत खालचे लुगडे उलटे अंथरतात, त्यावर फाटकी धोतरे, चादरींचे तुकडे, सदऱ्यांच्या पाठी असे एकेक पसरून खळगे बुजवीत जातात, आणि शेवटी वरचा थर येतो, जो एखाद्या बऱ्यापैकी काठपदराच्या लुगड्याचा असतो किंवा रंगीत ठिगळे जोडून केलेला. कडांवर जड वस्तू ठेवून कापड ताणले की लांबलांब कच्च्या टाक्यांनी सगळे थर टाचून घेतले जातात, आणि मग खऱ्या शिवणीला सुरुवात होते. उजव्या हातातली सुई सरळ खाली टोचून वर काढली जात नाही. डावा हात थरांखाली असतो, त्याची बोटे सुईचे टोक चाचपून वर ढकलतात, वरचा अंगठा कापड सुईवर लोटतो, आणि अशा रीतीने तीनचार टाके सुईवर चढले की मगच सुई ओढून दोरा बाहेर घेतला जातो. थर जाड असले तर मधल्या बोटाला अंगुस्तान चढवावे लागते, पण अनेक जणी ते वापरीत नाहीत आणि त्या बोटाच्या पेराला घट्टा पडतो. टाका जिथे वर दिसतो तिथे तो खाली दिसत नाही, आणि जिथे खाली दिसतो तिथे वर मोकळी जागा असते. वर-खाली, वर-खाली अशी ही एकाच दोऱ्याची धाव असल्याने तिला धावदोरा म्हणतात.

अनेक गोधड्यांत, आणि सिद्दींच्या कवंदीत तर नेमाने, ही धाव कडेपासून सुरू होऊन चौकोनात चौकोन करीत मध्यापर्यंत येते. युरोप-अमेरिकेतल्या क्विल्टची शिकवण याच्या बरोबर उलट आहे; तेथे मध्यापासून बाहेरच्या दिशेला शिवत जावे असे सांगतात, म्हणजे कापडात कुठे जास्तीचा फुगा असलाच तर तो कडेकडे सरकून निघून जातो. गोधडीत कडा आधीच बंद झालेल्या असल्याने तो फुगा आतच अडकतो, आणि शिवणाऱ्या बाईला प्रत्येक ओळीत थोडाथोडा दाबून, दोरा किंचित कमीजास्त ओढून त्याला जिरवावे लागते. हाताच्या गोधडीवर पाण्यावरच्या लहरींसारख्या ज्या बारीक सुरकुत्या दिसतात आणि ज्यांना शहरी ग्राहक हौसेने 'पोत' म्हणतो, त्यांचा उगम या जिरवाजिरवीत आहे. ते सौंदर्य ठरवून आणलेले नसते, एका अडचणीची ती समजूतदार विल्हेवाट असते.

या कामाचा आकार कळण्यासाठी थोडा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. सहा फूट लांब आणि चार फूट रुंद गोधडीवर अर्ध्या अर्ध्या इंचावर ओळी घातल्या, तर ओळी सरळ असोत वा चौकोनात चौकोन, शिवणीची एकूण लांबी सुमारे ५७६ फूट, म्हणजे पावणेदोनशे मीटर होते. एका इंचात वरून दिसणारे तीन टाके धरले तर एकूण टाके वीस हजारांच्या पुढे जातात. मिनिटाला बारा टाके असा वेग सतत राहील असे गृहीत धरले, जे पाठ आणि डोळे यांच्या दृष्टीने शक्य नाही, तरी नुसत्या टाक्यांना २९ तासांच्या आसपास लागतात. कापड निवडणे, धुणे, फाडणे, जोडणे, टाचणे हे त्याच्या बाहेरचे. घरकाम आणि शेतकाम सांभाळून उरलेल्या दुपारीच ही ओळ पुढे सरकणार असल्याने एक गोधडी पुरी व्हायला महिना-दीड महिना लागणे यात नवल नाही. याच गोधडीवर यंत्राने इंचात दहा टिपा मारल्या तर टिपांची संख्या ६९ हजारांवर जाते, आणि तरीही मिनिटाला ८०० टिपा मारणारे साधे घरगुती यंत्र नुसत्या धावेचा हिशेब केला तर ते काम दीड तासाच्या आत संपवते.

हा फरक केवळ वेगाचा असता तर विषय इथेच संपला असता; पण यंत्राची टीप म्हणजे हाताचाच टाका अधिक चपळाईने घातलेला, असे नाही, ती जातच वेगळी आहे. हातसुईचे नेढे मागच्या टोकाला असते आणि सुई पूर्णच्या पूर्ण कापडातून पार होते. यंत्राला सुई सोडून देऊन पलीकडे पुन्हा पकडणे जमेना, आणि त्या प्रयत्नांत अनेक कारागिरांची वर्षे गेली. फ्रान्समध्ये बार्थेलमी तिमोनिए याने १८३० मध्ये एकाच दोऱ्याने साखळीटाका घालणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले, आणि पोटावर पाय येईल या भीतीने शिंप्यांच्या जमावाने पुढच्याच वर्षी त्याचा कारखाना मोडून टाकला. अमेरिकेत इलायस हाउ याने १८४६ मध्ये ज्या यंत्राचे पेटंट मिळवले त्यात सुईचे नेढे टोकाशी होते. सुई कापडात थोडी शिरून मागे येते, मागे येताना तिच्या दोऱ्याचा फास तयार होतो आणि त्या फासातून खालच्या बॉबिनचा दुसरा दोरा ओवला जातो. आयझॅक सिंगरने १८५१ पासून ही यंत्रे घरोघर पोचवली. तेव्हापासून आजच्या संगणकी यंत्रापर्यंत टिपेचे मर्म तेच राहिले आहे: एक दोरा कायम वर, एक कायम खाली, आणि दोघांची गाठभेट कापडाच्या पोटात.

या रचनेमुळे टीप सलग दिसते, दोन्ही बाजूंनी सारखी दिसते आणि घट्ट बसते, आणि नव्या कापडाला हे सगळे गुणच आहेत. जुनेराला मात्र ते मानवतातच असे नाही. धावदोऱ्याचा एकच दोरा थरांमधून सैलसर पोहत असतो, त्यामुळे झोपलेल्या माणसाने गोधडी ओढली की थर एकमेकांवर किंचित सरकतात आणि ताण वाटला जातो. टिपेत इंचाच्या दर दहाव्या भागाला कापड आवळलेले असते. दोरा बहुधा पॉलिएस्टरचा, म्हणजे वापरून पातळ झालेल्या सुती कापडाहून कितीतरी बळकट, आणि दोरा कापडाहून बळकट असला की ताण आल्यावर दोरा तुटत नाही, त्याच्या रेघेवर कापड चिरते. तुटलेला दोरा चार टाक्यांनी सांधता येतो, चिरलेल्या रेघेला नवे ठिगळच लावावे लागते. जपानच्या ईशान्य भागात शेतकरी-कोळ्यांच्या स्त्रिया जुने सुती कपडे ज्या दाट धावदोऱ्याने एकत्र बांधीत, त्यातही हीच समज दिसते. तेथे काय आणि येथे काय, टाका नुसता थर जोडीत नाही, विरलेल्या कापडाला नवे धागे पुरवून ते पुन्हा उभे करतो.

यंत्राची दुसरी अडचण जाडीची आहे. घरगुती मशीनमध्ये कापड पुढे सरकवण्याचे काम खालचे दाते करतात आणि वरून एक धातूचा पाय, ज्याला शिंपी 'फूट' म्हणतात, ते दाबून धरतो. थर दोनच असतील तेव्हा काही बिघडत नाही, पण सहा थर असले की दात्यांना टेकलेला खालचा थर पुढे जातो, दबलेला वरचा मागे रेंगाळतो आणि ओळीच्या शेवटाला चुण्या गोळा होतात. शिवाय यंत्राच्या मानेखालची जागा जेमतेम वीतभर, त्यामुळे निम्मी गोधडी वळकटीसारखी गुंडाळून तिच्यात कोंबावी लागते. गावोगावचे शिंपी पायमशीनवर गोधड्या शिवून देतात त्या बहुधा कमी थरांच्या आणि दोन-तीन इंच अंतराच्या ओळींच्या असतात, याचे कारण त्यांचा आळस हे नसून मशीनची मान हे आहे. अनेक घरांत यावर फार पूर्वीच तोडगा निघाला: ठिगळे जोडून वरचा थर मशीनवर तयार करायचा आणि थर बांधायचे ते हाताने. आज 'हाताची' म्हणून जी गोधडी विकली जाते तिच्यात हे मिश्रण बहुतेक वेळा असतेच, आणि त्यात फसवणूक शोधण्याचे कारण नाही.

उद्योगातील यंत्रांनी या अडचणी वेगळ्या वाटेने सोडवल्या. लांब मानेच्या क्विल्टिंग यंत्रात कापड हलवावे लागत नाही. ते दोन रुळांवर ताणलेले असते आणि शिवणारे डोकेच रुळांवरून फिरते, संगणकात भरलेली वेलबुट्टी तंतोतंत उमटवीत. गाद्या आणि स्वस्त रजयांच्या कारखान्यांत अनेक सुयांची यंत्रे असतात, ज्यांत वरच्या कापडाचा, मधल्या पॉलिएस्टर भरणाचा आणि अस्तराचा असे तीन तागे एकाच वेळी आत शिरतात, आडव्या दांड्यावर बसवलेल्या डझनावारी सुया एकदम खालीवर होतात आणि मागून शिवलेली रजई अखंड पट्ट्यासारखी बाहेर पडते. यांतल्या पुष्कळ यंत्रांवर साखळीटाका असतो, आणि त्याचा दोरा शेवटाकडून ओढला गेला तर पाहता पाहता सबंध ओळ उसवते, याचा अनुभव स्वस्त रजई वापरणाऱ्या बहुतेक घरांना आहे. याही पुढचा टप्पा दोऱ्यालाच रजा देणारा आहे. श्राव्यातीत, म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या कंपनांनी कृत्रिम धाग्यांचे कापड जागोजागी वितळवून थर चिकटवले जातात. वर शिवणीसारखी ठिपक्यांची नक्षी दिसते, पण तिच्यात ना टाका असतो ना टीप. ही पद्धत शुद्ध सुती कापडावर चालत नाही, कारण कापूस वितळत नाही, जळतो.

इथे ऊब म्हणजे काय याचाही विचार करावा लागतो, कारण हात आणि यंत्र यांची तुलना करताना 'कोणती अधिक उबदार' हा प्रश्न हटकून येतो. पांघरूण उष्णता निर्माण करीत नाही. ते अंगाभोवतीची हवा अडवून धरते आणि अडलेली हवा शरीराची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. म्हणून जिथे जिथे शिवण आहे तिथे थर दाबले जाऊन हवा कमी होते आणि ती रेघ थोडी थंड पडते. पॉलिएस्टर भरणाची रजई फुगीर असते, तिच्यात हवा भरपूर आणि वजन कमी, त्यामुळे कडाक्याच्या थंडीत ती गोधडीला सहज मागे टाकते हे मान्य करायला हवे. पण महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत कडाक्याची थंडी वर्षातून थोडेच दिवस असते, आणि पांघरुणाची गरज पावसाळी गारव्यालाही असते, पहाटेच्या दवालाही आणि उन्हाळ्यातल्या अंगणातल्या झोपेलाही. सुती धागा नेहमीच्या हवेत आपल्या वजनाच्या सुमारे आठ टक्के ओलावा धरतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरीत नाही. सुती गोधडी घाम पिते, पॉलिएस्टरखाली तो अंगावरच साचतो. शिवाय थंडीच्या दिवसांत हीच गोधडी अंगाखाली अंथरली जाते, आणि अंथरूण म्हणून फुगीर रजईचा काही उपयोग नाही, कारण वजनाने तिच्यातली हवाच निघून जाते.

गोधडी मागे पडली ती शिवणयंत्र आले म्हणून, असे सरसकट सांगितले जाते, पण कालक्रम या समजुतीला दुजोरा देत नाही. शिवणयंत्र गावागावांत पोचल्यानंतरही कित्येक दशके घरोघर हाताच्या गोधड्या शिवल्या जातच होत्या. बदलले ते कापड. मुंबईत १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी पहिल्या कापडगिरणीची उभारणी आरंभली, त्यानंतर शंभर-सव्वाशे वर्षे गिरणीचे सुती धोतर, मलमल आणि हातमागाची-यंत्रमागाची सुती लुगडी हा सामान्य मराठी माणसाचा पोशाख होता, आणि विरलेले नऊवारी लुगडे म्हणजे आठ मीटरांहून अधिक मऊ कापड, सहज दोन थरांची तरतूद. नायलॉन आणि पॉलिएस्टरच्या साड्या आल्या तेव्हा त्या धुवायला सोप्या, वाळायला झटपट आणि विरायचे नाव न घेणाऱ्या असल्याने बायकांनी त्यांचे स्वागत केले, आणि ते अगदी योग्यच होते. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या खिळखिळ्या झाल्या, १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने कृत्रिम धाग्यांना मोकळी वाट दिली, आणि पुढच्या पिढीच्या ट्रंकेत जुनी सुती लुगडी जमेनाशी झाली. पॉलिएस्टरची साडी वीस वर्षांनीही विरत नाही, मऊ होत नाही. तिचे थर एकमेकांवरून घसरतात, टाका तिच्यात रुतून बसत नाही, आणि चुलीची ठिणगी उडाली तर सुती गोधडीला भोक पडते तिथे ती वितळून अंगाला चिकटते. अशा साड्यांच्या गोधड्याही शिवल्या जातात, पण पांघरणारा त्या रात्री पायाने लोटून देतो.

जुन्या कपड्यांची आणखी एक वाट होती, ती बोहारणीकडे जाणारी. डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन दारोदार फिरणारी बोहारीण जुने कपडे घेऊन त्यांच्या बदल्यात भांडे देते, आणि चार साड्यांना पातेले की पाच साड्यांना यावर दारात रंगणारी घासाघीस हा मराठी विनोदाचा पिढीजात विषय आहे. गोधडीच्या दृष्टीने पाहिले तर बोहारीण ही सुईची खरी प्रतिस्पर्धी होती: लुगडे एकतर पांघरूण व्हायचे नाहीतर पातेले. स्टीलची भांडी हवीहवीशी झाली त्या काळात कितीतरी लुगडी पातेल्याच्या बाजूला गेली असणार.

आता हाताची गोधडी बाजारात आली आहे. महिला बचत गट, 'महालक्ष्मी सरस'सारखी प्रदर्शने, शहरांतली हस्तकलेची दुकाने यांतून ती विकली जाते आणि ती शिवणे हे घरकाम न राहता त्याची मजुरी मोजण्याची वेळ येते. वर केलेला २९ तासांचा हिशेब चार दिवसांचा धरला, आणि २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाला जो दिवसाला २९७ रुपयांचा दर होता तो लावला, तर नुसत्या टाक्यांची मजुरी ११८८ रुपये होते, कापड, जोडणी, दोरा, वाहतूक आणि विक्रेत्याचा वाटा वेगळा. यापेक्षा कमी किमतीत मिळणारी दाट टाक्यांची 'हातशिलाई' गोधडी एकतर हाताची नसते किंवा ती शिवणाऱ्या बाईला खडी फोडण्याच्या दरानेही पैसे मिळालेले नसतात. तिसरी शक्यता शोधूनही सापडत नाही. 'फावल्या वेळातले काम' हे शब्द इथे फार सोयीचे पडतात. ज्या वेळेची किंमत कधी कोणी लावली नाही तो वेळ फावला ठरवला की हिशेब मिटतो.

बाजारात आल्यामुळे कापडही बदलले. निर्यातीच्या आणि दुकानी गोधड्या बहुधा नव्या सुती कापडाच्या असतात, कधी ठिगळांची नक्षी छापलेल्या अखंड कापडाच्याही. आणि नवे, घट्ट, एकसारखे कापड हे यंत्राचे राज्य आहे. तिथे हाताच्या टाक्याला दिसण्यापलीकडे फारसे कारण उरत नाही, आणि ते दिसणेही आता यंत्राला जमू लागले आहे. वरून पारदर्शक दोरा लावून खालचा रंगीत दोरा मधूनमधून वर खेचणारी यंत्रे हुबेहूब धावदोऱ्यासारखी तुटक रेघ उमटवतात. ओळखण्याची खूण पाठीमागे असते. हाताच्या कामात उलट बाजूलाही तसेच तुटक टाके, फक्त अदलाबदल झालेल्या जागी, दिसतात, आणि त्यांची लांबी कुठेही अगदी सारखी नसते. यंत्राच्या नकलेत मागे सलग रेघ असते किंवा बोटाला लागणारा चकचकीत पारदर्शक धागा.

हाताची शिवण श्रेष्ठ की यंत्राची हा वाद अमेरिकेत याहून वेगळ्या अंगाने गाजला. तेथे क्विल्ट ही प्रदर्शनात बक्षिसासाठी मांडण्याची वस्तू झालेली असल्याने यंत्रावर शिवलेली क्विल्ट स्पर्धेत हाताच्या बरोबरीने बसवावी का, हा कळीचा प्रश्न होता, आणि केंटकी राज्यातील पादुका येथे भरणाऱ्या अमेरिकन क्विल्टर्स सोसायटीच्या प्रदर्शनात १९८९ मध्ये कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या यंत्राने शिवलेल्या सूर्यग्रहणाच्या क्विल्टला सर्वोच्च पारितोषिक मिळाले तेव्हा तो व्यवहारात निकाली निघाला. याउलट अलाबामातील जीझ बेंड या वस्तीतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी शेतात झिजलेल्या विजारी आणि सदरे फाडून शिवलेल्या क्विल्ट २००२ मध्ये ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या संग्रहालयात टांगल्या गेल्या, तेव्हा पाहणारे थबकले ते त्या कापडांच्या निवडीपाशी आणि त्यांच्या झिजण्यापाशी. विजारीवरचा खिसा काढल्याजागी उरलेला गडद निळा चौकोन कोणत्याही यंत्रावर काढता येत नाही, तो उन्हानेच उमटवावा लागतो.

महाराष्ट्राच्या खेड्यांत गोधडीची परीक्षा प्रदर्शनात होत नसे, ती होई घटस्थापनेच्या आधी नदीवर. घरातले सगळे अंथरूण-पांघरूण गाडीत घालून पाण्यावर न्यायचे, गोधड्या भिजवायच्या आणि दगडावर आपटून, काठीने बडवून धुवायच्या. सहा थरांची सुती गोधडी भिजली की एकट्या बाईला उचलत नाही. दोघी दोन टोकांना धरून उलट दिशांना पिळतात आणि खडकावर उन्हात पसरून देतात. पिळताना सैल धावदोरा कापडाबरोबर वळतो. टिपेची गोधडी पिळली की टिपेच्या रेघा ताठ राहतात आणि मधले कापड त्यांच्यावर ओढले जाते. ज्या घरांत हल्ली कपडे धुण्याचे यंत्र आहे त्यांना दोन्ही प्रकारांचा सारखाच त्रास होतो, कारण एवढे ओले वजन यंत्राच्या पिंपाला पेलत नाही.

एवढे करून दहापंधरा वर्षांनी गोधडी फाटते, आधी वरचा थर, मग कडा. ती टाकून देत नाहीत. कडेची शिवण तेवढी उसवून, उघडे पडलेले टाके तसेच ठेवून, तिच्या वर एक आणि खाली एक असे नवे जुनेर अंथरतात आणि जुन्यावरूनच नव्या ओळी घालतात, म्हणजे आतली सबंध गोधडी आता नुसता मधला थर होते. एखादी जड वाकळ काही कारणाने फाडली गेली तर आत दुसरी निघते, तिच्या पोटात तिसरीचे अवशेष, आणि तिथे कुठेतरी अगदी पातळ झालेल्या हिरव्या लुगड्याचा काठ, उजेडच न लागल्यामुळे रंगाने अजून ताजा.